महिनाभराचे कवडीदान आणि २,१४,७४,८३,६४७

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एक दाता भेटतो. त्याला नाव नाही, गाव नाही. पहिल्या दिवशी याचकांना दोन कवड्या द्यायच्या आणि पुढे रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट द्यायच्या, असा शब्द तो देऊन बसला आहे. प्रश्न इतकाच की महिनाभरात तो एकूण किती निष्क देईल?

दोन कवड्यांचे दान म्हणजे अगदीच कवडीमोल. दहाव्या दिवशीसुद्धा त्याला १०२४ कवड्याच द्याव्या लागतात. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिण्यांचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा एक निष्क, असे ‘लीलावती’तले कोष्टक आहे. म्हणजे एका निष्कात २०,४८० कवड्या होतात. दहा दिवस उलटले तरी दात्याने एक निष्कसुद्धा दिलेला नसतो. तिसाव्या दिवशी मात्र त्या एका दिवसाचेच दान १०७ कोटी कवड्यांच्या वर जाते. महिन्याचा एकूण हिशेब १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिण्या आणि ६ कवड्या. शके १०७२, म्हणजे इ. स. ११५० च्या सुमारास मांडलेले हे उत्तर आज गणकयंत्रावर ताडून पाहिले तर शेवटच्या सहा कवड्यांपर्यंत बरोबर येते.

सगळ्याच्या कवड्या केल्या तर २,१४,७४,८३,६४६ होतात. मला या लेखात सांगायचे आहे ते हिच्या लगेच पुढच्या संख्येबद्दल : २,१४,७४,८३,६४७. दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. दात्याने महिना सुरू होण्याच्या आदल्या दिवशी एकच कवडी दिली असती, तर एकतीस दिवसांची बेरीज नेमकी एवढी भरली असती. १, २, ४, ८ असे दुप्पट करत गेले की कोणत्याही टप्प्यावरची बेरीज पुढच्या पदापेक्षा एकाने कमी असते. १ + २ + ४ म्हणजे ७, पुढचे पद ८. इथे पुढचे पद आहे दोनाचा एकतिसावा घात, २,१४,७४,८३,६४८. आपली संख्या त्याच्या एक पाऊल अलीकडे उभी आहे.

भास्कराचार्यांनी हे उत्तर तीस वेळा दुप्पट करून काढले नाही. त्यांची रीत अशी : ३० ही सम, तेव्हा तिचे अर्धे करा आणि शेजारी ‘वर्ग’ असे लिहा. १५ विषम, तेव्हा एक वजा करा आणि ‘गुण’ लिहा. १४ चे अर्धे ७, पुन्हा ‘वर्ग’. असे शून्यापर्यंत उतरत जायचे. मग खालून वर चढायचे : जिथे ‘गुण’ असेल तिथे दोनाने गुणायचे, जिथे ‘वर्ग’ असेल तिथे वर्ग करायचा. २, ४, ८, ६४, १२८, १६३८४, ३२७६८ आणि शेवटी १०७३७४१८२४. आठ पायऱ्यांत दोनाचा तिसावा घात हातात आला. त्यातून एक वजा करा, पहिल्या दिवसाच्या दोन कवड्यांनी गुणा, की संपले. ही युक्ती भास्कराचार्यांहूनही जुनी आहे. पिंगलाच्या छंदःशास्त्रात ती आहे, आणि मोठे घात काढण्यासाठी आजचे संगणकही मुळात हीच वाट धरतात.

छंदःशास्त्राचा आणि दुपटीचा संबंध उघड आहे. प्रत्येक अक्षर लघू तरी असते किंवा गुरू तरी. एका अक्षराचे दोन प्रकार, दोन अक्षरांचे चार, तीन अक्षरांचे आठ. कवडीदानाच्या उदाहरणाला लागूनच ‘लीलावती’ विचारते की अनुष्टुभ छंदात किती वृत्ते संभवतात? अनुष्टुभाचे चार चरण, प्रत्येकात आठ अक्षरे, मिळून बत्तीस. चारही चरण सारखे असलेली समवृत्ते २५६, अर्धसम ६५,२८० आणि विषम ४,२९,४९,०१,७६०. तिन्हींची बेरीज केली की ४,२९,४९,६७,२९६ येतात, म्हणजे दोनाचा बत्तिसावा घात. संगणकाशी ज्यांचा जवळून संबंध आहे त्यांना ही संख्या ओळखीची वाटेल. तिच्याकडे आपण परत येणारच आहोत.

आधी तीन शेजारणींची ओळख करून घेऊ, कारण मला आपल्या २,१४,७४,८३,६४७ चे सर्वात जास्त आश्चर्य वाटते ते इथे. भास्कराचार्यांच्या उत्तराचे, २,१४,७४,८३,६४६ चे, अवयव पाडले तर २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१ असे पडतात. तिला १९२ विभाजक आहेत. म्हणजे तेवढ्या कवड्या सारख्या वाट्यांनी १९२ तऱ्हांनी वाटता येतील : दोघांत, तिघांत, सातजणांत, अकराजणांत. पलीकडची २,१४,७४,८३,६४८ हिच्यात दोनाखेरीज दुसरा अवयवच नाही, एकतीस वेळा नुसता दोन. आणि दोघींच्या मधली आपली संख्या? तिला कशानेही भाग जात नाही. तेवढ्या कवड्या समान रांगांत मांडायच्या म्हटले तर एकच लांबलचक रांग होईल. ती मूळ संख्या आहे. पुरेपूर वाटली जाणारी, नुसत्या दुपटीने बनलेली आणि अजिबात न फुटणारी, अशा तीन संख्या एकमेकींना खेटून उभ्या आहेत.

पण ती मूळ आहे, हे ठरवले कसे? दहा अंकी संख्या हाताने तपासायची तर तिच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे ४६,३४० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भाग देऊन पाहावे लागेल. तशा मूळ संख्या जवळपास ४८०० आहेत. एकेक भागाकार दहा अंकी. त्यात एक चूक झाली की सगळे वाया.

हा प्रश्न युरोपात फार दिवस पडून होता. इटलीच्या पिएत्रो कातालदी यांनी सोळाव्या शतकाच्या शेवटी दोनाच्या सतराव्या आणि एकोणिसाव्या घातातून एक वजा करून येणाऱ्या संख्या मूळ असल्याचे भागाकार करून दाखवले होते. त्यापुढे त्यांनी २३, २९, ३१ आणि ३७ या घातांबद्दलही तोच दावा केला. चारपैकी फक्त ३१ चा दावा खरा निघाला. पॅरिसचे ख्रिस्ती साधू मारँ मेर्सेन यांनी १६४४ मध्ये २५७ पर्यंतच्या घातांची यादी छापली आणि तीत ३१ घेतला. त्या यादीतही ६७ आणि २५७ चुकून आले होते, ६१, ८९ आणि १०७ सुटले होते. तरीही या जातीच्या मूळ संख्यांना आज मेर्सेनचेच नाव आहे. धाकटीकडून मोजत आले तर आपली संख्या त्यांतली आठवी.

निकाल लावला तो लेओनार्ड ऑयलर यांनी. ते तेव्हा सेंट पीटर्सबर्गला होते, वयाच्या पासष्टीत, आणि डोळ्यांना जवळपास काहीच दिसत नव्हते. बर्नोली घराण्यातल्या एका गणितज्ञाला १७७२ मध्ये लिहिलेल्या पत्रात त्यांनी कळवले की दोनाचा एकतिसावा घात वजा एक ही मूळ संख्या आहे. भागाकारांचा डोंगर त्यांनी उपसला नाही. कोणता भाजक असूच शकत नाही, हे आधी ठरवून त्यांनी डोंगराचा ढिगारा केला.

त्यांचा विचार समजायला कठीण नाही. समजा, एखाद्या मूळ संख्येने आपल्या संख्येला भाग जातो. मग दोनाच्या एकतिसाव्या घाताला तिने भागले तर बाकी १ उरायला हवी. दोनाचे घात ओळीने घेऊन त्यांच्या बाक्या लिहीत गेलो की त्या ठरावीक अंतराने फिरून १ वर येतात. ते अंतर ३१ ला निःशेष भागणारे असले पाहिजे. पण ३१ स्वतःच मूळ, तेव्हा अंतर ३१ च. दुसरीकडे गणितज्ञ फर्मा यांचा नियम सांगतो की त्या मूळ संख्येपेक्षा एकाने कमी असलेल्या घातालाही बाकी १ च येते. म्हणून भाजकातून एक वजा केल्यावर उरणाऱ्या संख्येला ३१ ने भाग गेलाच पाहिजे. ती संख्या समही असणार, तेव्हा ६२ नेही. आता दोनाचा बत्तिसावा घात पाहा : त्याची बाकी २ येणार, आणि हा घात म्हणजे एक पूर्ण वर्ग. ज्या मूळ संख्येच्या हिशेबात २ हा असा वर्गाची बाकी म्हणून येतो, तिला ८ ने भागले तर बाकी १ किंवा ७ च उरते. दोन्ही अटी एकत्र केल्या की भाजकाला दोनच रूपे मोकळी राहतात : २४८ च्या पटीत १ मिळवून येणारे, किंवा २४८ च्या पटीत ६३ मिळवून येणारे.

या तर्काची चव घ्यायची तर धाकटे उदाहरण पाहावे. दोनाचा अकरावा घात वजा एक, म्हणजे २०४७. वरच्याच नियमाने तिचे मूळ भाजक २२ च्या पटीत एक मिळवून आलेले असणार. पहिलीच तशी संख्या २३, आणि २३ × ८९ = २०४७. दुसरा भाजक ८९, तोही ८८ मध्ये एक मिळवलेला. तीन, सात, अकरा, तेरा यांच्या वाटेला जायचे कारणच उरत नाही.

४६,३४० च्या आत त्या दोन रूपांच्या संख्या उरतात ३७२. त्यांतल्या ज्या स्वतःच फुटतात त्या सोडल्या तर उरलेल्या मूळ संख्या शंभरसुद्धा भरत नाहीत. पहिली ३११. भागाकार करून पाहा : ६९,०५,०९२ वेळा जाते आणि बाकी ३५ उरते. मग १३०३, मग १४८९. अशी यादी संपवली, कुठेही बाकी शून्य आली नाही, आणि सिद्धता पुरी झाली. जवळपास ४८०० भागाकारांच्या जागी शंभराच्या आत. मूळ संख्या ठरवण्याच्या शास्त्रात पुढे फार सुधारणा झाल्या, पण काम करण्याआधी काम कमी करण्याचे याच्याइतके स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

पाऊण शतकाहून अधिक काळ माणसाला ठाऊक असलेली ही सर्वात मोठी मूळ संख्या होती. तिच्यासोबत एक परिपूर्ण संख्याही मिळाली. स्वतःखेरीज सगळ्या विभाजकांची बेरीज स्वतःएवढी भरते ती परिपूर्ण संख्या, जशी १ + २ + ३ = ६. दोनाच्या तिसाव्या घाताला आपल्या संख्येने गुणले की २३०५८४३००८१३९९५२१२८ ही एकोणीस अंकी परिपूर्ण संख्या येते. इंग्लंडचे पीटर बार्लो यांनी १८११ च्या आपल्या ग्रंथात तिच्याविषयी लिहिले की याहून मोठी परिपूर्ण संख्या बहुधा कधी सापडणार नाही, कारण अशा संख्या नुसत्या कुतूहलाच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत, आणि एवढा खटाटोप कोणी करणार नाही.

बार्लो यांचे दोन्ही अंदाज चुकले. २०२४ च्या ऑक्टोबरात दोनाचा १३,६२,७९,८४१ वा घात वजा एक ही मूळ संख्या सापडली. ती लिहायला ४ कोटी १० लाखांहून जास्त अंक लागतात. उपयोगाचे म्हणाल, तर बार्लो यांनी जिला निरुपयोगी ठरवले त्या परिपूर्ण संख्येच्या पोटातली आपली मूळ संख्या आज जगातल्या बहुतेक संगणकांत कुठे ना कुठे बसलेली आहे.

संगणकाच्या स्मृतीत संख्येसाठी बऱ्याचदा ३२ घरे राखलेली असतात. प्रत्येक घरात ० किंवा १, अनुष्टुभाच्या प्रत्येक अक्षरात लघू किंवा गुरू असावा तसे. ऋण संख्याही मांडता याव्यात म्हणून पहिले घर चिन्हाला देतात, उरलेली ३१ घरे संख्येला. त्या सगळ्या घरांत १ भरला की जी सर्वात मोठी संख्या होते, ती हीच : २,१४,७४,८३,६४७. आता तीत एक मिळवा. शेवटच्या घरात एक आणि एक, तिथे शून्य, हातचा एक. पुढच्या घरातही तेच. हातचा पुढे पुढे सरकत सगळी घरे शून्य करतो आणि शेवटी चिन्हाच्या घरात जाऊन बसतो. यंत्र ती संख्या वाचते उणे २,१४,७४,८३,६४८ अशी. मोजणी शिखरावरून थेट तळाशी कोसळते.

असे खरोखर घडते. २०१४ च्या डिसेंबरात यूट्यूबवर ‘गंगनम स्टाइल’ या कोरियन गाण्याची दर्शकसंख्या या टोकाशी आली, आणि यूट्यूबला आपला मोजणीदार ६४ घरांचा करावा लागला. ती बातमी लोकांनी गमतीने वाचली. त्यानंतरची बातमी गमतीची नव्हती. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने बोइंग ७८७ विमानांसाठी आदेश काढला : विमानाचा वीजपुरवठा सलग २४८ दिवस चालू राहिला तर जनित्रांवर नियंत्रण ठेवणाऱ्या संचांमधला एक मोजणीदार ओसंडतो आणि विमानाची सगळी वीज जाऊ शकते. तेव्हा पुरवठा त्याआधी ठरावीक मुदतीने बंद करून पुन्हा सुरू करावा. सेकंदाचे शंभर भाग करून मोजत गेले, तर दोनाचा एकतिसावा घात गाठायला दोनशे साडेअठ्ठेचाळीस दिवस लागतात. ऑयलर यांच्या भाजकांतला २४८ आणि हा २४८ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तो योगायोग आहे आणि त्यात अर्थ शोधू नये.

मूळ असण्याचा उपयोग आणखी वेगळा. संगणकाला पुष्कळदा अटकळ बांधता येणार नाही असे आकडे लागतात, खेळात फासे टाकायला किंवा हवामानाच्या प्रतिरूपात अनिश्चितता आणायला. त्याची एक साधी रीत १९६९ मध्ये लुइस, गुडमन आणि मिलर यांनी मांडली आणि १९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी तिला किमान प्रमाण म्हणून पुढे केले. आपल्या मूळ संख्येहून लहान अशी शून्याखेरीज कोणतीही संख्या घ्या, तिला १६,८०७ ने गुणा, २,१४,७४,८३,६४७ ने भागा, बाकी उरेल ती पुढची संख्या. १ पासून निघाले तर १६८०७, मग २८२४७५२४९, मग १६२२६५००७३. दहा हजार पायऱ्यांनंतर १०४३६१८०६५ यायला हवी. आपला आज्ञासंच बिनचूक आहे का हे पाहण्याची ती खूण म्हणून दिलेली आहे.

भाजक मूळ आहे म्हणून बाकी कधीही शून्य होत नाही आणि साखळी मध्येच मरत नाही. १६,८०७ म्हणजे सातचा पाचवा घात. तो असा निवडला आहे की साखळी शक्य असलेली प्रत्येक बाकी एकेकदा घेऊन मगच पहिल्या जागी परतते. किती पायऱ्यांनी? २,१४,७४,८३,६४६. दात्याने महिनाभरात दिलेल्या कवड्या. आजच्या वेगवान यंत्राला एवढ्या पायऱ्या काही सेकंदांत संपतात, म्हणून गंभीर कामांना आता याहून लांब साखळ्या वापरतात. ही रीत मात्र अनेक संगणकभाषांच्या भांडारात अजून आहे.

राहिली घड्याळाची गोष्ट. पुष्कळ संगणकप्रणाल्या १ जानेवारी १९७० पासून उलटलेले सेकंद मोजून वेळ ठेवतात. ज्या अजून ३२ घरांत मोजतात त्यांची घरे १९ जानेवारी २०३८ रोजी, मंगळवारी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरतील. पुढच्या सेकंदाला त्या जागतिक प्रमाणवेळेची १३ डिसेंबर १९०१ ही तारीख दाखवतील. नवे संगणक आणि फोन ६४ घरांवर गेलेले आहेत, त्यांना सुमारे २९२ अब्ज वर्षे काळजी नाही. काळजी आहे ती एकदा बसवून विसरलेल्या यंत्रांची, कारखान्यातल्या, पंपघरातल्या, इमारतींच्या भिंतीआडच्या. ती शोधून बदलणे हे काम आत्तापासून करण्याचे आहे.

जाता जाता पुन्हा भास्कराचार्यांकडे. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या देवळात तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, असे त्यात नोंदले आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. तिकडे गेलात तर तो जरूर पाहा. आणि घरात सातवी-आठवीतले मूल असेल तर त्याला कवडीदानाचे हे उदाहरण कागदावर करायला द्या, आधी रोज दुप्पट करत आणि मग भास्कराचार्यांच्या आठ पायऱ्यांनी. दोन्ही उत्तरे जुळली की त्यात एक मिळवायला सांगा आणि ३११ ने भागायला सांगा. बाकी ३५ उरेल.